विरोध नोंदवून

पावसाळ्यात नाशिककर एकमेकांची खुशाली विचारत नाहीत. "मारुतीच्या कुठपर्यंत आलंय?" एवढंच विचारतात. गंगेवर दुतोंड्या मारुती उभा आहे. (गंगा म्हणजे गोदावरी, पण अस्सल नाशिककर गोदावरी हा शब्द पत्ता लिहितानाच वापरतो.) गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं ते बातम्यांत सांगतात, पण क्युसेक म्हणजे नेमकं किती हे कुणाला कळतं? मारुती कळतो. पायाला लागलं तर दरवर्षीचंच. कमरेला लागलं की भांडी बाजार आणि सराफ बाजारातली मंडळी माल वर हलवायला लागतात. डोकं दिसेनासं झालं की मग नारोशंकराच्या घंटेकडे बघायचं. १९६९चा पूर आमच्या आधीच्या पिढीने सांगितलेला, २००८चा आणि २०१९चा आम्ही डोळ्यांनी पाहिलेला.

माझे बाबा कट्टर नास्तिक. 'कट्टर' हा शब्द त्यांचाच. "रोज कुणीतरी समजवायला येतं, मग माणूस कट्टर होतो," असं ते म्हणायचे. मारुतीची चौकशी मात्र घरात सगळ्यात आधी तेच करायचे. आई म्हणायची, "बघा, शेवटी मारुतीलाच विचारावं लागतं." त्यावर बाबा म्हणायचे, "मी पाण्याला विचारतो. तो नुसता उभा आहे."

बाबा प्रेसमध्ये होते. नाशिकरोडला 'प्रेसमध्ये आहे' म्हटलं की वर्तमानपत्र कुणाच्याही मनात येत नाही; नोटा छापणारी प्रेस. माझी आत्या, म्हणजे त्यांची धाकटी बहीण, दर दिवाळीला त्यांना डिवचायची. "दादा, तू आयुष्यभर कागद छापलेस. त्या कागदाला किंमत कशामुळे? लोक विश्वास ठेवतात म्हणूनच ना? मग माझ्या देवानं काय घोडं मारलंय?" बाबा चकली मोडत सांगायचे, "खोटी नोट निघाली तर ती पकडायची सोय आहे. तुझा खोटा निघाला तर कुठल्या खिडकीवर जायचं ते सांग." आत्या हसायची आणि पुढच्या दिवाळीला तोच प्रश्न नव्याने विचारायची. मला लहानपणी वाटायचं, हा यांचा खेळच आहे, भाऊबीजेच्या ओवाळणीसारखा. आता वाटतं की खेळ होता हे खरं, पण दोघंही मनापासून खेळत होती.

ते युनियनचे माणूस. युनियनमध्ये एक पद्धत असते: ठराव बहुमताने पास झाला आणि तुम्हाला पटला नाही, तरी सही करायची, फक्त आधी 'विरोध नोंदवून' असं लिहायचं. ही पद्धत त्यांनी घरात आणि सोसायटीतही आणली. गणपतीची वर्गणी मागायला मुलं आली की पावतीपुस्तकात 'विरोध नोंदवून रु. ५१' असं लिहून पैसे द्यायचे. मुलांना त्याचं काही नव्हतं. त्यांना एकावन्न मिळाल्याशी मतलब. सोसायटीच्या सत्यनारायणाला जायचे नाहीत, पण शिरा घरी आला की वाटी पुढे करायचे. "शिऱ्याला रवा लागतो, श्रद्धा लागत नाही," असं म्हणून.

देवळांशी त्यांचं नातं सरळ नव्हतं, आणि नाशिकमध्ये ते कुणाचंच सरळ असू शकत नाही. दर २ मार्चला ते जेलरोडहून बसने पंचवटीत जायचे आणि काळारामाच्या दाराशी, चप्पल न काढता, बाहेरच्या बाहेर थोडा वेळ उभे राहायचे. लहानपणी मला दोनदा नेलं होतं. २ मार्च १९३०ला इथे सत्याग्रह सुरू झाला, बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली. दादासाहेब गायकवाडांनी तो नेटाने चालवला आणि तो काही वर्षं चालला. दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ला आमच्याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. मधे, १९३४च्या मार्चमध्ये, त्यांनी गायकवाडांना एक पत्र लिहिलं होतं. त्यात स्वच्छ म्हटलंय की आपल्या लोकांनी मूर्तिपूजक व्हावं म्हणून मी ही चळवळ सुरू केली नव्हती; त्यांना जाग यावी, आपली जागा काय आहे ते कळावं, यासाठी तोच उत्तम मार्ग वाटला. बाबा हे पत्र तोंडपाठ असल्यासारखं सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "माणसं इथं दारासाठी भांडली. आत कोण आहे ते नंतर बघता आलं असतं."

त्यांना पटणारा देव एकच होता, तोही निम्मा. देव मामलेदार, यशवंतराव महाराज. मूळचा सटाण्याचा मामलेदार, म्हणजे चक्क सरकारी नोकर. दुष्काळात त्याने सरकारी तिजोरी लोकांसाठी उघडली, आणि साहेब तपासायला आले तेव्हा ती भरलेलीच निघाली, अशी कथा. समाधी गंगेकाठी आहे. बाबा म्हणायचे, "तिजोरी उघडली हे मी मानतो. पुन्हा भरली हे मानत नाही. आणि उघडली एवढं पुरेसं नाही का?" गंमत अशी की या देव मामलेदारांच्याच पटांगणात दर मे महिन्यात वसंत व्याख्यानमाला भरते, आणि देवाच्या विरुद्धची जेवढी भाषणं बाबांनी ऐकली त्यातली बरीच या देवाच्या अंगणात, संध्याकाळी, मागून आरतीचा घंटानाद येत असताना ऐकली. मीही ऐकली आहेत. वक्ता क्षणभर थांबायचा, घंटा संपली की पुढचं वाक्य घ्यायचा. कुणी कुणाला गप्प बसवत नव्हतं.

त्या काळच्या वादांचं मला आता फार अप्रूप वाटतं. म्हणजे तेव्हा सगळं गोड होतं असं नाही. आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढणारी माणसं आपल्याच महाराष्ट्रातली. पण वादात एक रीत होती. डॉ. श्रीराम लागू उघड म्हणायचे की देव नाही, त्याला आता रिटायर करा. त्याच व्यासपीठावर शेजारी बसलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर म्हणायचे की आमच्या समितीचा देवाधर्माला विरोध नाही. देवाच्या नावावर जे लुबाडणं चालतं त्याला विरोध आहे. दोघं एकाच कामाचे, आणि लोकांसमोर उघडपणे वेगळं बोलायचे. बाबांना दाभोलकरांचा थोडा राग यायचा. "मग देव नाही हे सांगणार कोण, मी?" असं घरी येऊन म्हणायचे. २० ऑगस्ट २०१३ला सकाळी पुण्यात दाभोलकरांना गोळ्या घातल्या, त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. संध्याकाळी सीबीएसजवळच्या हुतात्मा स्मारकाशी जाऊन आले आणि म्हणाले, "मी उगाच त्याच्याशी भांडत बसलो." डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. वारी, कीर्तन, भजन, पूजा या कशालाच त्यात हात लावलेला नाही, उलट ते वगळल्याचं कायद्यातच लिहिलंय. तरी आजही आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर कुणी ना कुणी तो 'देव मानण्याविरुद्धचा कायदा' म्हणून पाठवतंच.

बाबांची आणखी एक आवडती गोष्ट संविधान सभेची. १७ ऑक्टोबर १९४९. उद्देशिकेवर चर्चा चालू आहे. ह. वि. कामत उठतात आणि सुचवतात की सुरुवात 'ईश्वराच्या नावाने' अशी करावी. सदस्य गडबडतात. अध्यक्ष राजेंद्रप्रसाद, स्वतः भाविक माणूस, कामतांना विनवतात की हे मताला टाकू नका. विरोधात बोलणाऱ्यांत हृदयनाथ कुंझरूही होते. त्यांचं म्हणणं, ही ज्याच्या त्याच्या मनाची बाब, ती सगळ्यांवर लादू नये. कामत ऐकत नाहीत. मतदान होतं: बाजूने ४१, विरुद्ध ६८. "देव सत्तावीस मतांनी पडला," बाबा मिटक्या मारत सांगायचे, "आणि पाडणाऱ्यांत देवभक्त भरपूर!" मला मात्र या गोष्टीत दुसराच माणूस दिसायचा: जो सकाळी घरी पूजा करून आला असेल, आणि दुपारी 'विरुद्ध' म्हणून हात वर केला असेल. त्याला आजच्या टीव्हीवर कुठल्या चौकटीत बसवतील? तिथे दोनच चौकटी. एकीत भगवे कपडे, दुसरीत दाढी आणि झब्बा, मधे ओरडणारा सूत्रसंचालक.

आता २०२७च्या सिंहस्थाचं वारं आहे. तपोवनातली झाडं साधुग्रामासाठी तोडायची म्हटल्यावर गावात काहूर उठलं. एका बाजूचे म्हणाले, हे झाडांच्या आडून कुंभाला विरोध करणारे धर्मद्रोही; दुसऱ्या बाजूच्या काहींनी कुंभाला जाणाऱ्या सगळ्यांनाच अडाणी ठरवून टाकलं. माझी शेजारीण दर सोमवारी कपालेश्वराला जाते, वटपौर्णिमेला वडाला दोरा गुंडाळते, आणि ती झाडांसाठी घोषणा देऊन आली. तिला विचारलं तर म्हणाली, "अहो, सीता राहिली ती झाडांत. मांडवात नव्हती राहिली." हिचं काय करायचं? रामकुंडाच्या तळाला ओतलेलं काँक्रीट काढा, खालचे झरे मोकळे करा, अशी मागणी गेली कितीतरी वर्षं चालू आहे. ती करणाऱ्यांत तीर्थाचा महिमा मानणारे आहेत आणि फक्त पाणी मानणारेही. एवढी साधी गोष्ट चर्चेच्या आवाजात ऐकू येत नाही.

बाबा गेले ते आषाढात, ऐंशी पूर्ण करून, झोपेत. उशीखाली काही नव्हतं. टेबलाच्या खणात मात्र वहीचा एक कागद होता, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं कारण ते दर वर्षी तो काढून वाचून दाखवायचे. एक, डोळे द्यावेत. दोन, विद्युतदाहिनी. तीन, दहावं, बारावं, तेरावं काही नको. चार, रामकुंडावर गर्दी करू नये, तिथे आधीच खूप आहे.

पहिल्या दोन गोष्टी लगेच झाल्या. डोळे सहा तासांच्या आत द्यावे लागतात. माणसं वेळेत आली आणि अतिशय हळुवारपणे काम करून गेली. तिसऱ्या कलमाशी आई अडली.

"त्यांनी त्यांचं लिहून ठेवलं," ती म्हणाली. "मला कुणी विचारलं? जाणारा गेला. दहा दिवस मोजणारी मी आहे."

मी एकुलती एक. वय वर्षं अठ्ठावन्न, बँकेतून निवृत्त, बाबांच्याच तालमीतली. मी तिला कागद दाखवला. ती म्हणाली, "मला वाचता येतं." मग मी जे करायला नको होतं ते केलं: समजावलं. आई, हा सगळा मनाचा आधार असतो, दुःखात माणसाला काहीतरी धरायला लागतं, आपण दुसऱ्या रीतीने करू, एखाद्या शाळेला देणगी देऊ. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आधार काठीचा घेतात गं. देव आहे म्हणून आहे. हे उपाशी आहेत म्हणून घास ठेवायचाय. तुला पटत नसेल तर नको पटू दे, पण मला काय वाटतं ते मला सांगू नकोस."

रात्रभर मी हिशेब मांडत राहिले. बाबांच्या तर्काने पाहिलं तर बाबा आता कुठेच नव्हते, त्यामुळे ते दुखावू शकत नव्हते. आईच्या तर्काने ते होते, आणि उपाशी होते. म्हणजे दोन्हीकडून बेरीज एकच येत होती, फक्त त्या कागदावरचं अक्षर बाबांचं होतं आणि मला ते ओलांडता येत नव्हतं. शेवटी पहाटे आईला म्हणाले, "करू या." तिने नुसती मान हलवली. जिंकल्याचं काही दाखवलं नाही. बाबा असते तर दाखवलं असतं.

दहाव्या दिवशी मारुतीच्या कमरेला पाणी होतं. रामकुंड दिसतच नव्हतं, नुसता तांबडा लोंढा. विधी वरच्या बाजूला, रस्त्याकडे, प्लास्टिकच्या कागदाखाली चालले होते. पाच-सहा कुटुंबं दाटीवाटीने बसलेली. गुरुजी तरुण होते, तिशीचे, मांडी घालून एका हाताने दर्भ सारखे करत होते. मला राहवलं नाही. म्हटलं, "गुरुजी, माझे वडील हे काही मानत नव्हते. आणि खरं सांगायचं तर मीही. चालेल का?"

त्यांनी वर न बघता विचारलं, "तीळ आणलेत ना?"

"आणलेत."

"मग झालं. विधीला मानणं लागत नाही, ताई. तीळ लागतात."

मला तिथे, त्या पावसात, हसू आलं. कारण हे वाक्य त्यांना ठाऊक असो-नसो, पूर्वमीमांसेचं होतं. वेदातल्या यज्ञकर्माचं सर्वांत कडवं समर्थन करणारं हे दर्शन, आणि त्यात जग निर्माण करणाऱ्या ईश्वराची गरजच नाही. कर्म नीट झालं की त्याचं फळ त्यातच आहे. कुमारिल भट्टांनी तर असा कुणी निर्माता असल्याचं चांगलं खोडून काढलंय. आपल्याकडे देव न मानणारा कर्मठ शोभून दिसतो. आपण फक्त विसरलोय.

तरी हात जोडायची वेळ आली तेव्हा माझे हात अवघडले. आमच्या नाशिकच्याच एका शिक्षकाचं प्रकरण मला आठवलं. शाळेच्या प्रार्थनेत हात जोडायला त्याने नकार दिला, ते मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि न्यायालयाने म्हटलं की त्याला सक्ती करता येणार नाही. वाचलं तेव्हा वाटलं होतं, एवढ्याशा गोष्टीसाठी कोर्ट? आता स्वतःचे दोन तळवे एकमेकांपासून वीतभर अंतरावर धरून बसले तेव्हा कळलं की गोष्ट एवढीशी नसते. मला तर कुणी सक्तीही केली नव्हती. आई मागे खुर्चीवर बसली होती आणि नदीकडे बघत होती, माझ्या हातांकडे नाही. जोडले मी.

पिंड ठेवला. आम्ही मागे सरलो. आता कावळ्याची वाट बघायची, कुणी काय वचन द्यायचं ते आठवायचं, अशी सगळ्यांची तयारी. आणि गुरुजी पुरते सरळ उभेही राहिले नव्हते तोवर एक कावळा आला, थेट आमच्याच पिंडावर बसला आणि खायला लागला. शेजारच्या कुटुंबाचा पिंड तासभर तसाच पडला होता. ते लोक आमच्याकडे असूयेने बघायला लागले.

आत्याने डोळे पुसले. "बघ," ती मला म्हणाली. "मनातून होताच तो. नुसता तोंडाने नाही म्हणायचा."

मला इतका राग आला की मी उठून पलीकडे जाऊन उभी राहिले. कावळ्याचा राग नव्हता. पावसाची झड दोन दिवस होती, तो भुकेला असणार, बाबाही हेच म्हणाले असते. राग 'मनातून होताच' याचा. माणूस साठ वर्षं एक गोष्ट सांगतो. वर्गणीच्या पावतीवर लिहितो, खणात कागद ठेवतो, आणि त्याच्या मागे दहाव्या दिवशी एक कावळा त्याची साक्ष फिरवतो.

पण बाबांच्या बाबतीत हे पहिल्यांदा घडत नव्हतं. २०११च्या जनगणनेच्या वेळी आलेल्या माणसाला त्यांनी सांगितलं की धर्म नाही. त्या बिचाऱ्याने दाराच्या पाटीवरचं आडनाव बघितलं आणि जे भरायचं ते भरलं. बाबा म्हणाले, "अहो, मी नाही म्हटलं." तो म्हणाला, "हो काका, पण मूळचा कुठला?" त्या जनगणनेत धर्म न सांगितलेल्यांचं प्रमाण ०.२४ टक्के निघालं. त्यात बाबा धरले गेले नाहीत याचं त्यांना शेवटपर्यंत वाईट वाटायचं.

मोठ्यांचंही असंच होतं. नेहरूंनी मृत्युपत्रात लिहिलं होतं की माझ्यामागे कुठलेही धार्मिक विधी नकोत, माझा त्यांवर विश्वास नाही, आणि नुसते उपचार म्हणून केले तरी तो दंभ होईल. मूठभर राख गंगेत टाका, पण त्यामागे धार्मिक काही समजू नका, हेही लिहिलं. १९६४च्या मेमध्ये मंत्र म्हणत अंत्यसंस्कार झाले. भगतसिंगांनी तुरुंगात, फाशी समोर दिसत असताना, आपण नास्तिक का आहोत ते सविस्तर लिहिलं. आमच्या चौकात त्यांच्या फोटोला दर वर्षी हार घालून उदबत्ती ओवाळतात. आणि इथल्या भगूरचे सावरकर, गाईला उपयुक्त पशू म्हणणारे, आपल्यामागे विद्युतदाहिनी वापरा, विधींचा खटाटोप नको असं सांगून ठेवणारे. त्यांचं नाव घेत आज कोण कोण आरत्या करतं ते मी सांगायला नको. यांची राजकारणं तीन दिशांची, पण हे एक सारखं: 'नाही' म्हणाले ते कुणी खरं धरलं नाही.

खरं तर ही खोड जुनी आहे, आणि तिचा धागा याच घाटाला लागतो. दशरथाचं श्राद्ध रामाने रामकुंडावर केलं असं नाशिक मानतं. पण वाल्मीकींच्या रामायणात त्याआधी, चित्रकूटावर, जाबाली नावाचा ब्राह्मण रामाला परत अयोध्येला न्यायला आलेला असतो, आणि तो रामाला तोंडावर सांगतो: पितरांसाठी म्हणून लोक अन्न घालतात ती नुसती अन्नाची नासाडी, मेलेला काय खाणार? एकाने खाल्लेलं दुसऱ्याच्या पोटात जात असेल तर प्रवासाला निघालेल्याला शिदोरी कशाला द्यायची, घरीच श्राद्ध घालावं! राम संतापतो, चांगलं कडक उत्तर देतो. आणि मग जाबाली काय म्हणतो? मी नास्तिक नाही, मी नास्तिकांचं बोलत नाही, वेळ तशी होती म्हणून बोललो. मला दर वेळी तिथे थांबावंसं वाटतं. हे खरंच जाबाली म्हणाला, की नंतर कुणा आत्याने त्याच्या तोंडी घातलं?

हे सगळं मनात घोळवत मी तिथे पावसात उभी होते, आत्यावर चरफडत. आणि आईचं वाक्य आठवलं. मला काय वाटतं ते मला सांगू नकोस. आत्याने बाबांचं जे केलं तेच मी आईचं पन्नास वर्षं करत आले होते. ती 'आहे' म्हणायची आणि मी मनात दुरुस्त करायचे: म्हणजे आधार हवा असतो, म्हणजे तसे संस्कार, म्हणजे त्या पिढीतल्या बायकांना दुसरं होतं काय. बाबा निदान तिच्याशी भांडायचे. "तुझा देव नाहीये," असं तोंडावर सांगायचे, आणि ती "आहे" म्हणायची, आणि दोघांचा चहा होईपर्यंत ते चालायचं. मी कधीच भांडले नाही. मी समजून घेत होते. आता मला वाटतं, समजून घेण्यापेक्षा भांडण जास्त मानाचं होतं.

विधी आटोपल्यावर गुरुजी म्हणाले, "वाड्यावर या, वहीत नोंद करायची." तीर्थोपाध्यांकडे या वह्या असतात, गावागावांच्या, घराण्यांच्या, कोण कधी कुणासाठी आलं ते यजमानाच्याच अक्षरात. आमचं मूळ गाव सिन्नरकडचं. गुरुजींनी लाल कापडातली लांबट वही सोडली, पानं उलटत गेले. पणजोबांची मोडीतली सही. आजोबांची. मग निळ्या शाईत, जी मी हजार ठिकाणी पाहिली होती, ती.

१९७९. माझी आजी गेली ते साल. म्हणजे बाबा आले होते. घरात हे कधी कुणी बोललं नव्हतं.

आत्या माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. "बघ!" ती पुन्हा म्हणाली. "मी सांगत नव्हते?"

मी चष्मा लावला. सहीच्या वर, बारीक, सरळ अक्षरात लिहिलं होतं: 'आईच्या इच्छेखातर. विरोध नोंदवून.'

आत्याने ते दोनदा वाचलं. मग तिला हसू फुटलं, असं की गुरुजींच्या घरातली माणसं बाहेर आली. "मेल्यानं इथंही!" ती म्हणत राहिली आणि हसता हसता रडायला लागली. गुरुजींनी वही आपल्याकडे वळवून पाहिली. "आमच्या आजोबांनी लिहू दिलं म्हणजे कमाल आहे," ते म्हणाले. मग पेन माझ्यापुढे केलं. वहीत त्या घराण्याच्या पानावर बाईची सही पहिलीच होती, त्याबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढलं नाही. हल्ली मुलीच येतात म्हणे.

मी बराच वेळ पेन धरून बसले. मग बाबांचं नाव, तिथी, माझं नाव लिहिलं, वर लिहिलं, 'आईच्या इच्छेखातर,' आणि पुढचे दोन शब्दही लिहिले, पण कंसात 'त्यांचा' असं घालून.

घरी आल्यावर आईने विचारलं, "वहीत काय लिहिलंस?"

मी सांगितलं. बाबांनी काय लिहिलं होतं तेही. ती आश्चर्य वगैरे दाखवेल असं वाटलं होतं. तिला ठाऊक होतं. ती तेव्हा घाटावर त्यांच्या शेजारीच बसली होती.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "माझ्या वेळी काय लिहिणार आहेस?"

"तू सांगशील ते."

"काही लिहू नकोस," ती म्हणाली. "सही कर नुसती. आणि नीट कर. तुझं अक्षर कुणाला लागत नाही."